मुक्त व्यापार करारावर कोल्हापूरचं मत: मतांतली पक्षीय फूट मोजायची कशी

टीव्हीवरच्या चर्चेत मुक्त व्यापार करार (देशांनी एकमेकांच्या मालावरचा कर कमी करण्याचा करार) म्हटलं की एका बाजूला सत्ताधारी, दुसऱ्या बाजूला विरोधक. गावात चित्र इतकं सरळ नसतं. एकाच पक्षाला मत देणारी दोन घरं शेजारी असतात. एका घरातून रोज दहा लिटर म्हशीचं दूध संस्थेला जातं, दुसऱ्या घरातला मुलगा शिरोलीच्या फौंड्रीत निर्यातीच्या कास्टिंगचं फेटलिंग, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायचं काम करतो. या दोन घरांनी आयातीबद्दल एकच मत द्यावं, असं काही कारण नाही. म्हणून ‘अमुक पक्षाचे लोक कराराच्या बाजूचे, तमुक पक्षाचे विरोधात’ असं छापण्याआधी पोटापाण्याचा प्रश्न आणि पक्षाचा प्रश्न वेगळे करून पाहावे लागतात. ते कसं करायचं, हे इथं दिलं आहे. कॉलेजचे प्रकल्प, तालुक्याचे वार्ताहर, शेतकरी आणि कामगार संघटना यांना झेपेल अशीच ही पद्धत आहे. सहा-आठ प्रश्नकर्ते, एक संगणक आणि महिनाभराचा वेळ एवढं पुरतं.

फूट कुठं असते, कुठं नसते

मुक्त व्यापाराबाबत पक्षांची भूमिका ते सत्तेत आहेत की बाहेर, यावर बरीच अवलंबून असते. आसियान देश, चीन, जपान वगैरेंबरोबरच्या आरसेप या व्यापार कराराची बोलणी २०१२ मध्ये मनमोहन सिंग सरकारच्या काळात सुरू झाली. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये मोदी सरकारनं त्यातून अंग काढून घेतलं. तोवर काँग्रेसही या कराराला विरोध करत होती, आणि भाजपच्याच संघपरिवारातला स्वदेशी जागरण मंचही विरोध करत होता. शेतकरी चळवळीतही एकमत नव्हतं. शरद जोशींनी जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाला उघड पाठिंबा दिला, तर त्याच काळात शेजारच्या कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघानं त्याला कडाडून विरोध केला. दोघेही शेतकऱ्यांचेच नेते होते.

अमेरिकेत मतं पक्षावर अधिक स्वच्छ विभागलेली दिसतात, पण तिथंही बाजू कायम राहिलेल्या नाहीत. १९९३ मध्ये कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा नाफ्टा हा मुक्त व्यापार करार त्यांच्या प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी मंजूर झाला. बाजूनं मत देणाऱ्यांत १३२ रिपब्लिकन आणि १०२ डेमोक्रॅट होते, म्हणजे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाचा करार विरोधी पक्षाच्या जोरावर पार पडला. २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प यांनी मुक्त व्यापार करारांवर झोड उठवली आणि रिपब्लिकन मतदारांचा कल फिरला. तेव्हापासून तिथल्या पाहण्यांत डेमोक्रॅट मतदार अशा करारांना जास्त अनुकूल दिसतात. मतदारांचे धंदे काही वर्षभरात बदलले नव्हते, बदलली ती नेत्याची बोली. आपल्याकडे तपासायचं तेच आहे: माणूस घरच्या धंद्यावरून मत देतोय की नाव ऐकून देतोय?

आधी प्रश्नकर्त्यांना माहिती द्या

प्रश्न विचारणाऱ्यालाच करार आणि टॅरिफ (आयात मालावरचा कर) यांतला फरक सांगता आला नाही, तर सगळी पाहणी वाया जाते. एका पानाचं टिपण करा. त्यात एवढं तरी हवं: आसियान (आग्नेय आशियातल्या) देशांशी मालाच्या व्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिरातीशी केलेला १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी केलेला २९ डिसेंबर २०२२ पासून. ब्रिटनच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन या दोन्ही करारांत आपण दुग्धजन्य पदार्थांवर सवलत दिलेली नाही. ब्रिटनच्या व्हिस्कीवरचा १५० टक्के कर आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार. तिकडं जाणाऱ्या चामड्याच्या पादत्राणांवरचा कर शून्य होणार. पाहणीच्या आदल्या दिवशी वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करारांची ताजी स्थिती पाहून टिपण दुरुस्त करा.

ज्या गोष्टी करारात येत नाहीत त्याही टिपणात लिहा. साखर निर्यातीवरची बंदी हा आपल्याच सरकारचा निर्णय असतो. खाद्यतेलावरचा आयात कर केंद्र कमी-जास्त करतं, त्यासाठी करार लागतोच असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर लावला, तो तर मुक्त व्यापाराच्या बरोब्बर उलटा प्रकार. सोयाबीनचा दर पडला की शेतकरी म्हणतो, ‘हे करारबिरार करून आमचं वाटोळं केलं.’ राग खराच असतो, फक्त तो कशावरचा आहे हे प्रश्नकर्त्याला ओळखता आलं पाहिजे. उत्तर देणाऱ्याची चूक मात्र तिथं दुरुस्त करायची नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे.

माणसं निवडायची कशी

महाद्वार रोडवर उभं राहून चारशे जणांना गाठलं तर ते कोल्हापूरचं मत होत नाही. जिल्ह्यात बारा तालुके आणि दहा विधानसभा मतदारसंघ आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३८,७६,००१ होती आणि तिच्यात शहरी वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा वगळून काढलेला निष्कर्ष शिरोळ-हातकणंगल्याच्या ऊसपट्ट्याचा आणि शहराचाच असतो.

मतदार यादीचे भाग मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. एक्सेलमध्ये मतदारसंघ, भाग क्रमांक, मतदारसंख्या आणि चढती बेरीज असे चार रकाने करा. समजा एकूण मतदार ३३ लाख आणि तुम्हाला ४० भाग हवेत, तर टप्पा ८२,५०० चा. १ ते ८२,५०० मधला एक आकडा संगणकाकडून काढा, समजा ३१,२४० आला. चढती बेरीज ज्या भागात ३१,२४० ओलांडते तो पहिला भाग. त्यात ८२,५०० मिळवले की १,१३,७४०, हा आकडा ज्या भागात येतो तो दुसरा. असं चाळीसपर्यंत. मोठ्या भागांना आपोआप जास्त संधी मिळते, म्हणून प्रत्येक भागात सारख्याच, वीस मुलाखती घ्यायच्या. एकूण ८००.

भागात हजार मतदार असतील तर दर ३३ वं नाव घेऊन ३० नावांची यादी करा. पहिलं नावही १ ते ३३ मधून चिठ्ठी काढूनच. तीसपैकी वीस मिळतात, बाकीचे पुण्या-मुंबईला असतात, वारलेले असतात किंवा ‘नको बाबा’ म्हणतात. कोण का मिळालं नाही, ते प्रत्येक नावापुढं लिहा. डोंगरी तालुक्यांत बाहेरगावी गेलेल्यांचं प्रमाण मोठं असतं, आणि ती नोंद नसेल तर तुमची पाहणी वयस्कर माणसांची होऊन बसते.

दोन गोष्टी इथं हमखास बिघडतात. प्रश्नकर्ता दमला की कुलूप असलेल्या घराऐवजी शेजारच्या दारात शिरतो. त्यानं उघड्या घरांचीच मतं गोळा होतात. दुसऱ्या वेळी परत जायचं, तरी नाही भेटलं तर यादीतलं पुढचं नाव. आणि यादीत बाईचं नाव असतं, पण दारात नवरा म्हणतो, ‘तिला काय कळतंय, मलाच इचारा की.’ तिथं ‘मामा, चिठ्ठीत ताईंचंच नाव निघालंय, आम्हाला दुसरं चालत नाही’ असं सांगून थांबायचं. यासाठी प्रत्येक जोडीत एक मुलगी हवीच. शिरोळ आणि गडहिंग्लजच्या सीमेकडच्या गावांत कन्नड बोलणारा सोबत घ्या.

प्रश्नांची भाषा

‘मुक्त व्यापार करार’ हे शब्द पहिल्या प्रश्नात घालू नका. ‘जकात’ही नको, लोकांना गावाबाहेरचा जुना नाका आठवतो. असं विचारा:

‘आपल्या देशानं काही देशांशी करार केलेत. त्यांचा माल आपल्याकडं येताना आणि आपला तिकडं जाताना कर कमी लागतो. असं काही ऐकलंय का?’

मग मुख्य प्रश्न: ‘काही लोक म्हणतात, अशा करारांनी आपला माल बाहेर जास्त खपेल. काही म्हणतात, बाहेरचा स्वस्त माल येऊन इथल्यांचं नुकसान होईल. तुम्हाला काय वाटतं? असे करार करावेत, करू नयेत, की तुम्ही अजून काही ठरवलेलं नाही?’

निम्म्या प्रश्नावल्यांत यातली पहिली दोन वाक्यं उलट्या क्रमानं छापा. फक्त नुकसानीचं वाक्य ठेवलं तर विरोध फुगतो, फक्त फायद्याचं ठेवलं तर पाठिंबा. ‘काही ठरवलेलं नाही’ हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवा. ते गाळलं की लोक प्रश्नकर्त्याचं तोंड पाहून काहीतरी सांगतात आणि ते तुमच्या तक्त्यात ‘मत’ म्हणून बसतं.

यानंतर दोन वेगळे प्रश्न: तुमच्या घरच्या धंद्याला फायदा होईल, नुकसान होईल की काही फरक पडणार नाही? आणि देशाचं काय होईल? ही दोन उत्तरं जिथं वेगळी निघतात तिथं थांबून पाहा. ‘आमचं नुकसान, पण देशाचं भलं’ असं म्हणणारा माणूस धंद्यावरून नाही, विश्वासावरून मत देतोय. पक्षाचा प्रभाव शोधायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

मग एकेक माल घ्या: दूध पावडर, खाद्यतेल, चपला, कास्टिंग, कापड. प्रत्येकाबद्दल ‘बाहेरून कर न लावता येऊ द्यावं का?’ करारांना ‘हो’ म्हणणारा दूध पावडरीला ‘अजिबात नको’ म्हणेल, आणि त्यात विसंगती काही नाही. इचलकरंजीचा यंत्रमागवाला सुताबद्दल आणि कापडाबद्दल वेगळं बोलेल, कारण सूत तो विकत घेतो आणि कापड विकतो.

नावाची चाचणी

ही या पाहणीतली सगळ्यात कामाची पायरी. एकाच कराराबद्दल, खोटं काही न सांगता, दोन वेगळी नावं घेता येतील असा करार हवा. आसियानचा तसा आहे. आराखड्यावर ऑक्टोबर २००३ मध्ये सही झाली तेव्हा वाजपेयी सरकार होतं, आणि मालाच्या व्यापाराच्या करारावर ऑगस्ट २००९ मध्ये सही झाली तेव्हा मनमोहन सिंग यांचं. विषम क्रमांकाच्या प्रश्नावलीत छापा: ‘इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड अशा देशांशी आपला व्यापार करार आहे. त्यातल्या एका टप्प्यावर वाजपेयी सरकारच्या काळात सही झाली. हा करार चांगला की वाईट?’ सम क्रमांकात तेच वाक्य, फक्त नाव मनमोहन सिंग सरकारचं. साल लिहू नका, नाहीतर फरक नावानं पडला की सालानं ते कळणार नाही. मुलाखत संपल्यावर दोन्ही सरकारांचा वाटा होता हे सांगून टाका, ते उत्तरदात्याचं देणं आहे.

प्रश्नावल्या आधीच एकाआड एक लावून गठ्ठा बांधा आणि वरून उचलायला सांगा. निवड प्रश्नकर्त्याच्या हातात राहिली तर समोरच्या घरावरचा झेंडा बघून तो सोयीचा कागद काढतो.

पक्ष विचारायचा की गट

पक्षाचा प्रश्न शेवटी. आधी विचारला तर पुढची सगळी उत्तरं त्या रंगात बुडतात.

कोल्हापुरात ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे?’ याचं खरं उत्तर बऱ्याचदा गटाचं असतं. गोकुळ (जिल्हा दूध संघ), साखर कारखाना, जिल्हा बँक यांच्या निवडणुकीत ज्याच्या पॅनेलला मत दिलं तो गट, आणि नेता पक्ष बदलेल तसा गटही बदलतो. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. २०२४ च्या लोकसभेला कोल्हापुरातून काँग्रेसचे शाहू छत्रपती निवडून आले, आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेला महाविकास आघाडीला जिल्ह्यात दहापैकी एकही जागा मिळाली नाही. एकाच प्रश्नावर पक्ष ठरवला तर चूक होणारच.

म्हणून तीन प्रश्न: २०२४ च्या लोकसभेला कुणाला मत दिलं, विधानसभेला कुणाला दिलं, आणि सहकारातल्या निवडणुकीत कोणत्या गटाबरोबर असता. पहिल्या दोन उत्तरांसाठी चिन्हं छापलेली चिठ्ठी द्या, खूण करून ती लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या पेटीत टाकू द्या. चिठ्ठीवर नाव नको, फक्त प्रश्नावलीचा क्रमांक, आणि तो कशासाठी आहे हे आधी सांगायचं. दोन्ही वेळा एकाच आघाडीला मत देणारे वेगळे काढा. मतांतली पक्षीय फूट असलीच तर ती यांच्यात सगळ्यात ठळक दिसेल.

मुलाखत कुठं, केव्हा

संध्याकाळी दूध संस्थेसमोर रांग लागते, किटल्या मापाला लागतात, फॅटचं मशीन चालू असतं. एका जागी पन्नास माणसं भेटतात म्हणून तिथंच मुलाखती उरकण्याचा मोह होतो. करू नका. आत टेबलावर चेअरमन किंवा सचिव बसलेला असतो, तो एका गटाचा असतो, आणि दहा दिवसांचं बिल त्याच्याच हातून येतं. रांगेतला माणूस त्याच्या कानावर पडेल तेच बोलतो. त्याच माणसाला घरच्या सोप्यात बसून विचारलं तर उत्तर मोकळं येतं. दुधाचा व्यवहार तपासायचा असेल तर घरी बिलाची पावती दाखवायला सांगा. लिटर आणि रक्कम त्यावर असते, म्हणजे ‘दूध घालतो’ म्हणणारं घर दिवसाला दोन लिटरचं आहे की वीसचं, ते कळतं. दोन लिटरवाल्याचं घर दुधावर चालत नाही.

दूध घालणाऱ्या घरी सकाळी आठनंतर जा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतले कामगार शिफ्ट सुटल्यावर किंवा साप्ताहिक सुट्टीला घरी भेटतात. ऊसदराचं आंदोलन पेटलेलं असताना किंवा गोकुळच्या निवडणुकीची रणधुमाळी चालू असताना पाहणी नको. तेव्हा प्रत्येक प्रश्न दरावर नाहीतर पॅनेलवर जातो.

हिशेब

८०० मुलाखतींवर संपूर्ण जिल्ह्याच्या टक्केवारीत साडेतीन टक्के इकडं-तिकडं धरा. गावागावांतून गठ्ठ्यानं मुलाखती घेतल्यामुळं प्रत्यक्षात ते सव्वाचारपर्यंत जातं. दोन आघाड्यांचे तीनशे-तीनशे लोक मिळाले तर त्यांच्यातला फरक आठ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास तो फरक म्हणू नका, गठ्ठ्यांचा परिणाम धरला तर दहापेक्षा कमी. ‘भाजपचे ५२ टक्के, काँग्रेसचे ४७ टक्के’ यावर मथळा करणं चुकीचं आहे.

आता मुख्य चूक. समजा एका आघाडीचे १६० जण आहेत, त्यांपैकी ४० दूधवाल्या घरांतले. दुसरीचे १४०, त्यांपैकी १०० दूधवाले. समजा दूधवाल्यांत करारांना पाठिंबा दोन्हीकडं ३५ टक्के आहे आणि इतरांत दोन्हीकडं ६५. पहिल्या आघाडीची बेरीज १४ अधिक ७८, म्हणजे १६० पैकी ९२, साडेसत्तावन्न टक्के. दुसरीची ३५ अधिक २६, १४० पैकी ६१, साडेत्रेचाळीस टक्के. चौदा टक्क्यांची पक्षीय फूट दिसली, गणिताच्या कसोटीला उतरली, आणि तरी ती खोटी आहे, कारण प्रत्येक धंद्यात दोन्ही बाजूंचं मत एकच आहे. म्हणून आधी धंद्यानुसार तक्ते, मग प्रत्येक धंद्याच्या आत पक्ष. दूध, ऊस, फौंड्री आणि इंजिनिअरिंग, कापड, चपला-चांदी, नोकरी-दुकान एवढे रकाने पुरतात. हुपरीची चांदी आणि चपलांचे कारागीर यांची संख्या नमुन्यात थोडी येईल. त्यांच्या टक्केवाऱ्या देऊ नका, त्यांचं म्हणणं शब्दांत द्या.

नावाच्या चाचणीत प्रत्येक पक्ष प्रत्येक नावाखाली वेगळा काढत बसलात तर आकडे तुटपुंजे पडतात. त्याऐवजी सहाशे जणांत ‘आपल्या बाजूचं नाव ऐकलेले’ आणि ‘समोरच्या बाजूचं ऐकलेले’ असे दोनच ढीग करा, साधारण तीनशे-तीनशे. दोन्ही कागद प्रत्येक गावात सारखेच वाटलेले असल्यानं इथं आठ टक्क्यांची कसोटी चालते. एक गाठ मात्र आहे: वाजपेयी सरकारात एकसंध शिवसेना होती, आणि मनमोहन सिंग सरकारात एकसंध राष्ट्रवादी. २०२४ च्या निवडणुकांत ठाकरे गट काँग्रेसबरोबर होता, अजित पवारांचा पक्ष भाजपबरोबर. या मतदारांसाठी ‘आपलं नाव’ कोणतं, ते ठामपणे सांगता येत नाही. त्यामुळं हाच हिशेब फक्त भाजप आणि काँग्रेसच्या मतदारांवर पुन्हा करा. दोन्ही हिशेब एकाच दिशेला गेले तर निष्कर्ष लिहा.

वजन देताना, म्हणजे नमुन्यात कमी आलेल्यांची उत्तरं हिशेबात जास्त धरताना, स्त्री-पुरुष, वयाचे तीन टप्पे आणि शहर-गाव एवढंच घ्या. ज्या माणसाचं वजन तीनपेक्षा जास्त येतं ते तीनवर थांबवा, नाहीतर गगनबावड्यातला एक तरुण दहा जणांच्या जागी बोलायला लागतो.

छापताना

तक्त्याखाली मुलाखतींची संख्या, तारखा, प्रश्नाचे नेमके शब्द आणि भेट न झालेल्यांचं प्रमाण द्या. ‘ठरवलेलं नाही’ म्हणणारे गाळून उरलेल्यांची टक्केवारी काढू नका. या विषयात ते मोठ्या संख्येनं असतात, बायकांत आणि डोंगरी गावांत जास्तच, आणि त्यांना वगळलं की दोन्ही पक्षांचे पाठीराखे आहेत त्याहून कट्टर दिसतात. एखाद्या गावचं नाव घेऊन पक्षनिहाय आकडे देऊ नका. वीस मुलाखतींत कोण कुणाचा ते गावाला लगेच कळतं. मतदार यादीतल्या नावांचा कागद प्रश्नावल्यांपासून पहिल्याच दिवशी वेगळा ठेवा, आणि तपासणीच्या फेरभेटी संपल्या की तो फाडून टाका.